वेशीवरच्या रिकाम्या घागरी

ऐन चैत्रात इनामदारांनी वेशीजवळच्या बारवेला फाटक बसवून कुलूप ठोकलं. म्हणाले, "तुमच्या घागरींनी पाणी गढूळ होतं!" गावच्या बाया मैलभर लांबच्या झऱ्यावर जाऊ लागल्या. भिवराबाईचे सासरे शेवटच्या घोटासाठी तळमळत होते. घरात थेंब नव्हता आणि झऱ्यावरून येईपर्यंत उशीर झाला असता, म्हणून ती फाटकाशी पदर पसरून उभी राहिली, तरी कुलूप उघडलं नाही. म्हातारा कोरड्या घशानं गेला. तेव्हापासून तिच्या काळजात निखारा होता.

वैशाखात इनामदारांच्या लेकीचं लग्न निघालं. वऱ्हाड वेशीवर आलं की गावच्या पाच सवाष्णींनी नवरदेवाच्या पायांवर पाणी घालायचं, अशी तिथली रीत. पाच जणी आल्या, पुढे भिवराबाई. पण पाचही घागरी रिकाम्या! व्याह्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"शुभकार्यात अपशकुन करता?" इनामदार कडाडले.

"अपशकुन कसला, सरकार? आमच्या घागरींनी पाणी गढूळ होतं, असं तुम्हीच म्हणालात. माझ्या सासऱ्याच्या घशाला जे पाणी गढूळ होतं, ते तुमच्या जावयाच्या पायांना एकाएकी निवळलं का?"

व्याही इनामदारांकडे पाहू लागले. इनामदारांनी घाईघाईनं कमरेची किल्ली काढून तिच्यापुढे धरली.

भिवराबाईनं हात पुढे केला नाही. "किल्ली तुम्ही उद्या परत मागाल. कुलूप द्या."

सगळ्या वऱ्हाडादेखत इनामदार फाटकापर्यंत चालत गेले. कुलूप काढून आणलं. भिवराबाईनं आपली रिकामी घागर पुढे केली, आणि ते तिच्यात खणकन पडलं.