सहावं पोतं

उंबरगडच्या मुलखात सटवाजी नावाचा एक मापारी राहत असे. खळ्यावर धान्याची रास पडली की ती मापून द्यायची, हे त्याचं पिढीजात काम. चाळीस वर्षांत त्याचं माप चिमूटभरही इकडचं तिकडे झालं नव्हतं. सटवाजीने मापलं म्हणजे वाद मिटला, असं लोक म्हणत.

त्या काळी पाच राज्यांची एकमेकांत लढाई जुंपली. कशावरून जुंपली हे पहिल्या वर्षी सर्वांना ठाऊक होतं. तिसऱ्या वर्षी कुणालाच नीट सांगता येईना. अखेर नदीकाठच्या माळावर एक मोठी लढाई झाली आणि सगळं थांबलं. राजांना शहाणपण सुचलं म्हणून नव्हे, लढायला माणसं उरली नाहीत म्हणून. मग जिंकलं कोण? पाचही राजे म्हणाले, आम्ही! प्रत्येकाच्या कारकुनाने यादी केली होती, आणि प्रत्येक यादीत आपले मेलेले मूठभर, दुसऱ्यांचे ढीगभर. शेवटी असं ठरलं, की या लढाईत ज्याचे सर्वांत कमी मेले तो जिंकला. माळाखालची काळी जमीन त्याची. पण मोजायला कुणाचाच कारकून नको. सटवाजी मापाऱ्याला बोलवा.

सटवाजीला नाही म्हणता आलं नसतं, आणि म्हणायचंही नव्हतं. त्याचा एकुलता एक मुलगा मल्हारी उंबरगडच्या फौजेमागून वैरणीची गाडी घेऊन गेला होता. उरलीसुरली फौज परत आली होती. गाडी आली नव्हती.

पाच कारकून आणि पाच पोती घेऊन सटवाजी माळावर गेला. रीत सोपी होती. एका प्रेतामागे एक चिंचोका. कारकुनांनी अंगरख्याचा रंग पाहून माणूस कोणत्या राज्याचा ते सांगायचं, सटवाजीने त्या राज्याच्या पोत्यात चिंचोका टाकायचा, मग प्रेत चितेवर न्यायचं. पाच दिवस हेच चाललं. पहिल्या दिवशी सटवाजीला रडू आलं. तिसऱ्या दिवशी नुसतीच पाठ दुखू लागली, आणि अशा जागी आपली पाठ दुखते याची त्याला लाज वाटली.

पाचव्या दिवशी ओढ्याकाठी गाडीवान, पखालवाले, लोहार, घोडी सांभाळणारे मोतद्दार पडलेले सापडले. त्यांच्या अंगावर कुणाचाच रंग नव्हता. पाचही कारकुनांनी माना हलवल्या.

"हे आमच्या हजेरीत नाहीत. बाजारबुणगे आहेत."

फौजेमागून राबत जाणाऱ्या, पण नाव कुठेच न लिहिलेल्या माणसांना हा शब्द. त्यांच्यातच मल्हारी होता. आईने ठिगळ लावून दिलेल्या घोंगडीवरून सटवाजीने त्याला ओळखलं. त्याने फक्त सहावं पोतं मागवलं.

संध्याकाळी उंबरगडचा दिवाण त्याला गाठून म्हणाला, "सटवाजी, गाड्या बहुतेक आपल्याच होत्या. हे पोतं दरबारात आलं तर आपले जास्त भरतील आणि जमीन हातची जाईल. ओढ्यात सोडून दे. आणलंसच, तर तुझी मापारकी गेली म्हणून समज."

सटवाजी घरी आला. बातमी त्याच्याआधीच पोचली होती. त्याची बायको ठकूबाई रडून रडून थकली होती. तिने विचारलं, "आपला मल्हारी कुठल्या पोत्यात घातलासा?"

"सहाव्या."

"त्ये मोजनार का?"

"दिवाण नगं म्हंत्यात."

"म्हंजे त्यो मेलाच न्हाई," ठकूबाई म्हणाली. "मग घरी याया पायजे व्हता की."

सकाळी सटवाजीने पाच पोती गाडीत घातली आणि सहावं आपल्या खांद्यावर घेतलं.

दरबार भरला. पाच राजे बसले. मोजणी सर्वांसमक्ष व्हायची होती. सटवाजीने आधी सहावं पोतं सोडलं, तसा दिवाणाचा चेहरा उतरला.

"हे कुणाचे?" एका राजाने विचारलं.

"अजून कुनाचंच न्हाईत, सरकार. म्हून आदी घेतो."

मल्हारीचा चिंचोका त्याने वेगळा, मुठीत धरून आणला होता. तोच त्याने पहिल्यांदा पुढे ठेवला आणि मोठ्याने म्हणाला, "लाभ!"

सगळा दरबार चपापला. खळ्यावरची रीत अशी, की मापारी पहिल्या मापाला एक म्हणत नाही. लाभ म्हणतो, आणि पुढे दोन, तीन. घरात धान्य येतं, त्याची सुरुवात शुभ शब्दाने व्हावी म्हणून. चाळीस वर्षांची जीभ. ती वळायची तशीच वळली.

"म्हाताऱ्या, मेल्या माणसाला लाभ म्हणतोस?" उंबरगडचा राजा ओरडला.

सटवाजीने समोरच्या चिंचोक्याकडे पाहिलं आणि त्याला हुंदका आवरेना. सगळ्या दरबारासमोर तो लहान पोरासारखा रडला. मग पागोट्याच्या शेवाने त्याने डोळे पुसले.

"चुकलो, सरकार. जिभंची सवं. ह्यो माजा मल्हारी. वैरणीची गाडी हाकत व्हता." चिंचोक्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "पर बोललो ते बोललो. आता ह्यो लाभ कुनाच्या घरी गेला, येवढं तुमी पाच जनांनी मिळून सांगा. मग म्या दोन म्हंतो."

राजांनी दिवाणांकडे पाहिलं, दिवाणांनी कारकुनांकडे, कारकुनांनी जमिनीकडे. सटवाजी बसून राहिला. दुपार टळली तरी बसून राहिला. एकेका राजाला काहीबाही काम आठवलं आणि तो उठून गेला. काळी जमीन कुणालाच मिळाली नाही. सटवाजीची मापारकी मात्र दुसऱ्याच दिवशी गेली.

ती मोजणी पहिल्या चिंचोक्यावरच थांबली आहे. दोन म्हणायची वेळ अजून आलेली नाही.

तात्पर्य: एक माणूस कुणाच्या भल्यासाठी मेला हे ज्याला सांगता येत नाही, त्याने मेलेल्यांचे आकडे मांडून आपला विजय ठरवू नये.