फुकटच्या सरपणाची किंमत

ही गोष्ट फार फार पूर्वीची. त्या गावाचे नाव आता कोणालाच सांगता येत नाही. ते डोंगराच्या पायथ्याशी होते आणि तिथली माणसे बऱ्यापैकी सुखात होती, एवढे मात्र सगळे सांगतात.

एका उन्हाळ्यात गावच्या विहिरीचे पाणी तळाला गेले, गढूळ झाले आणि घरोघरी पोटाचे दुखणे सुरू झाले. लहान मुले मलूल होऊन पडली. गावात एक म्हातारे वैद्य होते. त्यांनी दारोदार फिरून एकच औषध सांगितले, "पाणी खळाखळा उकळा, निवू द्या आणि मगच प्या." लोकांनी ऐकले. दुखणे हटले. मुले पुन्हा अंगणात धावू लागली.

पण माणसाचा स्वभाव असा, की दुखणे गेले की औषध जड वाटू लागते. रोज पाणी उकळायचे म्हणजे रोज जळण हवे. काही घरांनी कुरकुर केली, काहींनी उकळणे सोडूनच दिले. त्या घरांतली मुले पुन्हा आजारी पडू लागली.

तेव्हा वैद्यांनी गावाला देवळापुढे बोलावले आणि विचारले, "पाणी उकळायचे का सोडलेत?"

"परवडत नाही, वैद्यबुवा," मागून कोणीतरी म्हणाले.

हे ऐकून रायाजी पुढे झाला. रायाजी हा गावातला धडधाकट शेतकरी. मनाने चांगला, पण आपल्या काटकसरीचा त्याला भारी अभिमान.

"न परवडायला काय झालं?" तो म्हणाला. "माझ्या घरी चुलीत लाकडं जळतात. डोंगर देवाचा, लाकूड डोंगराचं. मला तर पाणी फुकटात उकळून मिळतं."

हिरोजी तेली हसला. "तुझी चूल धुमसत बसते, रायाजी. माझ्याकडे शेगडी आहे. कोळशाच्या बदल्यात थोडं तेल द्यावं लागतं, पण पाणी बघता बघता उकळतं."

"तेल तरी का द्यायचं?" गंगाई म्हणाली. ती एकटी राहायची. दारात एक गाय आणि घरामागे वांग्याचा वाफा, एवढाच तिचा संसार. "मी गोवऱ्या थापते. शेण गाईचं, ऊन देवाचं."

शब्दाने शब्द वाढला. तिघेही आपलेच खरे करू लागले. वैद्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "उद्या तिघांनी इथेच एकेक हंडी पाणी उकळून दाखवा. स्वस्त काय पडते ते गाव बघेल. अट एवढीच, की जो बोलला त्यानेच आपले जळण आणायचे."

"त्यात काय," रायाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो कोयता आणि दोर घेऊन निघाला. त्याची बायको मथुरा दारात येऊन म्हणाली, "जवळच्या उतारावर काही उरलं नाही. खिंडीपलीकडे जावं लागेल."

"बघतो," असे म्हणून तो गेला. हे तिने आधीही त्याला कितीदा तरी सांगितले होते, आणि त्यानेही दरवेळी असेच उत्तर दिले होते.

उतारावर खरेच काही नव्हते. होती ती नुसती खुंटे आणि काटेरी झुडपे. रायाजी चढत राहिला. खिंड ओलांडली, तेव्हा कुठे वाळलेल्या फांद्या दिसल्या. त्या तोडताना हात ओरबाडले. मोळी बांधून डोक्यावर घेतली, तर पोती उचलणाऱ्या त्या गड्याची मान दोन वळणांतच अवघडली. उतारावर पाय घसरू लागले.

मागून गावातल्या बायका मोळ्या घेऊन येत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "भावजी, चुंबळ नाही आणली? डोकं सोलून निघेल." तिने पदराच्या टोकाला बांधलेली जुनी चिंधी सोडून त्याला दिली. रायाजीने ती गुंडाळून डोक्यावर ठेवली.

थोड्या अंतरावर एक सपाट खडक होता. बायकांनी तिथे मोळ्या टेकवल्या. रायाजीही टेकला. चिंधी देणारी बाई सहज बोलून गेली, "मथुरा इथं जरा जास्तच बसते. उतरताना गुडघा धरतो तिचा."

रायाजीने वळून पाहिले. "कधीपासून?"

"तुम्हाला ठाऊक नाही?" बाई म्हणाली आणि आपली मोळी उचलू लागली.

रायाजी देवळापुढे पोचला तेव्हा ऊन चढले होते. हिरोजीची शेगडी फुलली होती, गंगाईच्या गोवऱ्या मंद जळत होत्या. रायाजीने तीन दगड मांडले. एरवी आंघोळीचे पाणी तापवायचे तर तो जाडजाड ओंडके एकदमच चुलीत सारायचा, आणि पाणी तापले तरी ते तसेच जळत राहायचे. आज त्याने बारीक काटक्या मोडल्या, वाऱ्याच्या बाजूला आडोसा केला, हंडीवर झाकण ठेवले. पाणी खळखळताच लाकडे बाहेर ओढून विझवली. कोपऱ्यात उभी असलेली मथुरा हे पाहून गालातल्या गालात हसली.

वैद्यांनी तिघांना विचारले, "बोला, खर्च काय झाला?"

"मापभर तेल," हिरोजी म्हणाला.

गंगाई विचार करून म्हणाली, "मला वाटत होतं, काहीच नाही. पण शेण चुलीत जातं म्हणून वाफ्याला खत उरत नाही. औंदा वांगी धरलीच नाहीत. तो खर्च कधी माझ्या ध्यानात आला नव्हता."

रायाजीने चुंबळीची चिंधी उलगडून हातात घेतली. मग म्हणाला, "मथुरेचा गुडघा. आणि तिची रोजची सकाळ."

कोणी हसले नाही. सासरी आल्यापासून मोळ्या वाहणाऱ्या कितीतरी बायका तिथे उभ्या होत्या.

वैद्य म्हणाले, "फुकट यातले काहीच नाही. तरीही पाणी उकळायलाच हवे, नाहीतर मुलांची दुखणी त्याहून महाग पडतील. मग निदान धग तरी वाया जाऊ देऊ नका. आज रायाजीने किती कमी जाळले, पाहिलेत ना? ज्याने वाहिले, तो उधळत नाही."

घरी आल्यावर रायाजी चुलीपुढे बसला. चुलीला लागून एक वैल होता. चुलीवर भाकरी भाजताना उरलेली धग वैलावरच्या भांड्याला लागावी, अशी ती जुनी सोय. पण त्याची कड ढासळली होती आणि धग नुसती उडून जात होती. रायाजीने माती मळली, वैल नीट लिंपला. मथुरा शेजारी बसून पोतेऱ्याने चूल सारवू लागली.

"किती दिवस सांगत होते," ती म्हणाली.

"ऐकत नव्हतो," तो म्हणाला. "गुडघ्याचंही सांगायचं होतंस."

"विचारलं असतं तर सांगितलं असतं."

तेव्हापासून भाकऱ्या होईपर्यंत वैलावरचे पाणी कढत होई, आणि वर दोन-चार काटक्या सारल्या की उकळे. मोळी पूर्वीपेक्षा दुप्पट दिवस पुरू लागली, आणि ती आणायला आता रायाजी जाई. मथुरेचा गुडघा वैद्यांच्या लेपाने हळूहळू सुधारला. हिरोजी शेगडीवर झाकण ठेवू लागला, त्याचे तेल वाचले. गंगाईने अर्धे शेण वाफ्याला दिले आणि पुढच्या हंगामात वांगी शेजारीपाजारी वाटली. गावात पुन्हा कोणी कच्चे पाणी प्यायले नाही. डोंगराच्या उतारावर कोवळे धुमारे फुटले.

आणि चावडीवर कोणी एखादी गोष्ट फुकट म्हटली, की रायाजी शांतपणे विचारी, "कोणाला?"

तात्पर्य: आपल्याला जे फुकट मिळते, त्याची किंमत दुसरे कोणीतरी मोजत असते; म्हणून खर्चाचा विचार करताना आधी त्याला विचारावे.