शेवंतीचं तांबडं चित्र

एका राज्यात धवलसेन नावाच्या राजाला झोप फार प्यारी होती. त्याच्या प्रजेतल्या काही लेकरांना जन्माचं दुखणं होतं. कुणाचे सांधे सुजत, कुणाची छाती दाटे. औषधाने उतरे, पुन्हा येई. त्या लेकरांना राजाने वाड्यामागच्या पांढऱ्या महालात ठेवलं होतं. ती कण्हत, आणि राजाची झोप मोडे.

राजाने मांत्रिक कपालभद्राला बोलावलं. मांत्रिकाने लेकरांच्या जिभा मंत्राने बांधल्या. तेव्हापासून बाकी सगळं बोलता येई, पण कण्हायला किंवा दुखणं सांगायला गेलं की त्यांच्या तोंडून एकच येई, "मी बरी आहे. मी बरा आहे." रोग रेड्याला आणि औषध पखालीला! राजा गाढ झोपू लागला. याला राजा म्हणायचं, तर कसाई कुणाला म्हणायचं?

राजवैद्य खाटेखाटेशी विचारी, "कसं आहे?" मूल म्हणे, "बरं आहे." मग वैद्य त्याचा काढा बंद करी. असाच चिमुकल्या शेवंतीचा काढा बंद झाला. तिचा श्वास आखडत चालला, ओठ निळे पडू लागले, तरी ती म्हणे, "मी बरी आहे."

शेजारच्या खाटेवर सुजल्या गुडघ्यांची लवंगिका होती. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

तेव्हा खिडकीत एक साळुंकी येऊन बोलली, "मुली, तोंड बांधलंय, हात मोकळे आहेत. तुमचं दुखणं राजाने नजर न वळवता पाहिलं, की मंत्र तुटेल. काळं आण, तांबडं आण, मग राजाची नजर आण."

लवंगिका सरपटत मांत्रिकाच्या दाराशी गेली. तिथला दिवा बोलता होता. त्याने विचारलं, "दुखतं का गं?"

"मी बरी आहे," तिच्या तोंडून आलं. दिवा इतका हसला, की काजळीचा लोट उठला. तिने ओंजळ भरून घेतली.

तांबडं मात्र कुणी देईना. मग तिने गुडघ्यावरची सुकलेली हळद खरवडली, भिंतीचा चुना खरवडला, पाण्यात दोन्ही कालवलं. रंग लालभडक झाला.

तिने भिंतीवर शेवंतीचं चित्र काढलं, दुखऱ्या छातीवर तांबडं फासलं. पण राजा सणाचे लाडू वाटायला येणार, म्हणून राजचित्रकार आधी आला. "शिव शिव! महाराजांनी हे पाहायचं?" असं म्हणून त्याने छातीवर कमळ काढलं, ओठांवर हसू काढलं. राजा आला, चालता चालता म्हणाला, "किती गोड! कसं आहे, बाळांनो?" उत्तराला थांबला नाही. लाडू वाटत पलीकडच्या दालनात गेला.

लवंगिकेने खाटेवरची चादर ओढली, जमिनीवर पसरली. शेवंतीला तीवर निजवलं आणि तिच्या अंगाभोवती काजळीने रेघ ओढली. मग रंगाची वाटी तिच्यापुढे धरली.

"कुठे, ते तू दाखव."

शेवंतीने बोटं बुडवली. छातीच्या जागी ती रंग फासत राहिली, फासत राहिली. तिथे पांढरं उरलं नाही.

राजा परतताना दारात ती चादर आडवी होती. चित्रकार कुंचला घेऊन धावला.

"खबरदार!" लवंगिका ओरडली. "तिच्या छातीवर कमळं काढणारे तुम्ही कोण?"

राजा म्हणाला, "वाट सोड, मुली."

"ही शेवंती आहे, महाराज. जायचं तर हिच्यावर पाय द्या. नाहीतर पाहा."

राजाने पाय उचलला. तो खाली पडेना. राजाने मान वळवू पाहिली, पण आता त्याचीच त्याला लाज वाटली. तो पाहत राहिला.

"हे सगळं... दुखतं?" त्याने विचारलं.

"दुखतं," शेवंती म्हणाली.

आणि खाटेखाटेवरून एकच आवाज उठला, "दुखतं! दुखतं! दुखतं!" भिंतीवरचं कमळ गळून पडलं. वैद्य धावत काढा घेऊन आला. शेवंतीचे ओठ हळूहळू गुलाबी झाले.

दुखणं गेलं नाही. ते काही मंत्राने आलं नव्हतं. पण तुटलेला मंत्र जिथून निघाला तिथे परतला. कपालभद्राला विंचू चावला, तेव्हा तो थयथय नाचत "मी बरा आहे" म्हणाला, आणि लोकांनी त्याचं ऐकून त्याला तसंच सोडलं. छान झालं!

महालाच्या भिंती लेकरांच्या स्वाधीन झाल्या. राजचित्रकार त्यांचे रंग घोटतो, कुंचल्याला हात लावत नाही. राजाची झोप मोडते ती मोडतेच. मग तो उठून महालात येतो, आणि आता त्या राज्याची रीतच झाली आहे: "कसं आहे?" असं विचारायचं, ते खाटेशी बसल्यावर.