झिपरी ससुलीचा सराव

माळावरची जनावरं शर्यती लावत, तेव्हाची गोष्ट. लांब पल्ल्याच्या सरावाच्या पहिल्याच सकाळी झिपरी नावाच्या ससुलीला एक खटकलं: एवढं धावूनही समोरची बाभूळ जवळ येईना. कुत्र्याला चकवायला ससे पळतात तशी ती घडीत डावीकडे, घडीत उजवीकडे उड्या मारत होती. पाचोळा वाजला की आणखी एक वळण.

"अगं, धावतेस की नाचतेस?" घोरपड हसली. "यंदाही एखादा ससा शर्यत संपते त्या तळ्यापर्यंत पोचला नाही, तर तुम्हा सशांना शर्यत कायमची बंद!"

झिपरीला धाप लागली. "माझ्या मागे कोण आहे?" तिनं ओरडून विचारलं. रडवेली होऊन तिनं पुन्हा विचारलं.

तेव्हा वरून उडणारी टिटवी म्हणाली, "कुणीच नाही गं बाई! मघापासून बघतेय. सरळ धाव की!"