शालीचा चौथा गोंडा

फार पूर्वी, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथल्या एका गावात हसाजी नावाचा एक तेली होता. तो बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू होता. त्याच्या पूर्वजांचं गलबत या किनाऱ्यावर फुटलं आणि धर्मपोथ्या तळाला गेल्या, असं त्यांच्या घरांतून सांगत. लोक वाचले, पोथ्या बुडाल्या. मग ज्याला जे आठवलं ते त्याने मुलांना सांगितलं. शनिवार विसाव्याचा, त्या दिवशी हाताने काम करायचं नाही, एवढं मात्र सगळ्यांना पक्कं आठवलं. म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे.

हसाजी माणूस वाईट नव्हता. मापात मारत नसे, कुणाशी भांडत नसे. पण त्याचं लक्ष या जगात नव्हतंच. मेल्यानंतरच्या दुनियेत आपली जागा पक्की झाली पाहिजे, एवढाच त्याचा ध्यास. आपलं कफन त्याने चाळिशीतच शिवून ठेवलं होतं. एका दर्यावर्दी व्यापाऱ्याकडून यरुशलेमची मूठभर माती मागवली होती, मेल्यावर डोळ्यांवर घालायला. शिवाय चार कोपऱ्यांना चार गोंडे असलेली प्रार्थनेची एक सुरेख शाल होती. ती त्याने कधी अंगावर घेतली नाही. मळली तर तिकडे काय पांघरून जायचं?

त्याची बायको राहेलबाई म्हणायची, "अहो, तिकडची तयारी झाली असेल तर इकडचं छप्पर शाकारा जरा. गळतंय." हसाजी म्हणे, "दोन दिवसांचं छप्पर ते. गळू दे."

कुंपणापलीकडे एक पाडेली राहत होता. दुसऱ्यांच्या माडांवर चढून नारळ पाडायचे, हा त्याचा धंदा. हसाजीच्या घाण्यात जे खोबरं पडे, ते बहुतेक त्यानेच उतरवलेल्या नारळांचं. त्याची बायको राहेलबाईची जिवाची मैत्रीण. गावात एका बैलाची एकच लहान गाडी होती, ती हसाजीची. ती सगळ्यांच्याच उपयोगी पडे, शनिवार सोडून.

आणि शनिवारीच, भर दुपारी, पाडेली माडावरून पडला.

मांडीचं हाड मोडून बाहेर आलं. रक्त थांबेना. हाडवैद्य दोन कोसांवर. गावातले धट्टेकट्टे पुरुष सगळे होड्या घेऊन समुद्रावर गेलेले. पाडेलीण धावत तेल्याच्या अंगणात आली.

"हसाजीभाऊ, गाडी जोडा! धनी पडलेत माडावरनं. लई रगत जातंय."

हसाजी ताडकन उठला. दोन पावलं गोठ्याकडे गेलाही. मग थबकला.

"आज शनिवार," तो म्हणाला. "दिवस मावळला, तीन चांदण्या दिसल्या, की लगेच जोडतो. तोवर पट्टी घट्ट बांध, वहिनी."

"तोवर जगायला नको का माणूस?"

हसाजीने मान खाली घातली. "आजवर एकही शनिवार मोडला नाही मी. आज मोडला तर सगळं पाण्यात जाईल."

राहेलबाई बाहेर आली. "अहो, ऐका माझं. पाप लागलं तर माझ्या माथी."

"ज्याचं त्यालाच भोगावं लागतं. असं दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही."

मग ती गोठ्यात गेली आणि बैल सोडू लागली. हसाजीने तिच्या हातातून दोर काढून घेतला आणि तो मांडीवर ठेवून उंबऱ्यात बसला. पाडेलीण क्षणभर त्या दोराकडे बघत उभी राहिली. मग पळत घरी गेली.

कुंपणापलीकडचं कण्हणं दुपारभर ऐकू येत होतं. हसाजी डोळे मिटून प्रार्थना म्हणत राहिला. त्याचं काळीज तुटत होतं, हे खोटं नाही. पण त्या तुटण्याचंही त्याला पुण्यच वाटत होतं. देव कसोटी बघतोय, आणि आपण टिकलोय!

दिवस मावळला. एक चांदणी दिसली. दुसरी दिसली. तिसरीच्या जागी ढग आला. हसाजी उभा राहून आभाळाकडे बघत राहिला. कण्हणं आता ऐकू येत नव्हतं. ढग सरला, तसा त्याने धावत जाऊन बैल जोडला, पाडेल्याला आपल्या हातांनी उचलून गाडीत ठेवलं आणि बैल असा हाकला की तोंडाला फेस आला.

खाडीच्या वळणावर, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन गाडीत बसलेली पाडेलीण म्हणाली, "आता थांबवा गाडी."

त्याने थांबवली.

दोन-तीन महिन्यांनी बेने इस्राएलांचा काझी फिरत फिरत गावात आला. त्यांच्या धर्मगुरूला काझी म्हणत. हा काझी दूर देशी जाऊन, बुडालेल्या पोथ्यांत काय होतं ते शिकून आला होता. हसाजीने कफन, माती, शाल, सगळं त्याच्यापुढे मांडलं, झालेली हकीकत सांगितली आणि हात जोडून विचारलं, "एवढ्या कसोटीतही मी शनिवार मोडला नाही. आता तिकडची माझी जागा पक्की ना?"

काझीने पुढे मांडलेलं कफन बाजूला सारलं. मग म्हणाला, "हसाजी, माणसाचा जीव जात असेल तर शनिवार मोडायचा, अशी आज्ञा आहे. नुसती मुभा नव्हे, आज्ञा. तुम्हाला अर्धीच आठवत राहिली."

हसाजीच्या तोंडचं पाणी पळालं. "मला कुणी सांगितलं नव्हतं."

"तुझी बायको सांगत होती," काझी म्हणाला. त्याने शाल उचलली. "हे गोंडे कशासाठी असतात? आपण अजून काय करायचं राहिलंय, त्याची आठवण राहावी म्हणून. माणूस मेला की पुरण्याआधी आम्ही यातला एक गोंडा कापतो, कारण त्याला आता काही करता येत नाही. त्या दुनियेत कुणी माडावरून पडत नाही. तिथे गाडी नाही, बैल नाही. सुख आहे म्हणतात, असेल. पण कुणासाठी काही करायचं, तर ते इथेच. तुझ्या दारात बैल होता, हसाजी."

त्या दिवसापासून हसाजीची शाल अंगावर आली. त्याने छप्पर शाकारलं. पाडेलिणीच्या दारात लाकडं नेऊन टाकली, पाणी भरून ठेवलं. तिने ती लाकडं जाळली नाहीत, आणि ते पाणी माडाच्या मुळाशी ओतलं. "माझा नवरा दुपारी जिवंत होता," एवढंच ती म्हणाली.

पुढे दर शनिवारी हसाजीचा बैल मोकळा असे, पण गाडी रस्त्याकडे तोंड करून उभी असे आणि दोर हाताशी. तो उंबऱ्यात बसून वाट बघे. बारा वर्षं बसला. शनिवारी कुणी पडलं नाही, कुणी धावत आलं नाही.

मग हसाजी मेला. त्याला न्हाऊ घालून कफनात गुंडाळलं, डोळ्यांवर यरुशलेमची माती घातली, विटलेली शाल खांद्यावर ठेवली. काझीने सुरी काढून चौथा गोंडा कापला.

पाडेलीण कुंपणापाशी उभी होती. तिने राहेलबाईला विचारलं, "असं का करतात गं?"

"मेलेल्या माणसाला कुणासाठी काही करता येत नाही, म्हणून," राहेलबाई म्हणाली.

पाडेलीण त्या कापलेल्या गोंड्याकडे बघत राहिली.

"मग हा त्या शनिवारीच कापायचा होता," ती म्हणाली आणि घरात गेली. राहेलबाईने तिला हाक मारली नाही.

तात्पर्य इतकंच: परलोकाची वाट आपल्याच दारावरून जाते, त्या दारात कुणी मदतीला हाक मारत आलं, तर चांदण्या मोजत बसू नये.