सगळ्यात घाबरलेला मध्ये

डोंगरात माणसाची पायवाट पडायच्या आधीची गोष्ट. समोरच्या उतारावर वणवा लागला, तेव्हा सातभाई पक्ष्यांच्या थव्यातली मोठी मंडळी आसऱ्याची जागा शोधायला पाठीमागच्या ओढ्यापलीकडे गेली. पिल्लं राहिली मंजामावशीकडे. म्हातारे भिवाआजोबा राखणीला शेंड्यावर बसले.

"तो लाल उजेड कसला?" पिल्लांनी विचारलं.

"सूर्य मावळतोय," आजोबा वरून म्हणाले.

पण ऊन तर पिल्लांच्या पाठीवर होतं. धाकट्या बिटकीने चोचीतला किडा न खाताच खाली टाकला.

"वणवा आहे," मावशी म्हणाली. "मलाही भीती वाटतेय. चला, रोजच्यासारखं अंगाला अंग लावून बसू. सगळ्यात घाबरलेला मध्ये."

बिटकी मध्ये बसली. थोड्या वेळाने पिल्लं वणवा-वणवा खेळू लागली. एक पिल्लू आग व्हायचं आणि बाकीची मावशीमागे ओढ्याकडे पळायची. आजोबा चिडले.

"जिवावर बेतलंय आणि तुम्ही खेळताय?"

मावशीने खेळ थांबवला नाही.

मग वारा फिरला. झाडावर ठिणग्या पडू लागल्या. "चला," मावशी एवढंच म्हणाली, आणि पिल्लं खेळातल्यासारखीच तिच्यामागे ओढा ओलांडून गेली.

पलीकडच्या फांदीवर सगळी ओळीने बसली. आजोबा शेवटी पोचले आणि टोकाला टेकले. त्यांच्या पायांखालची डहाळी थरथरायची थांबेना. बिटकीने ते पाहिलं आणि सरकून जागा केली.

"आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही मध्ये बसा."