लाकडाचे पारवे

एका गावी एकदा एका पिकल्या मिशांच्या माणसाने शिकारीचा गुरू केला.

गुरू करण्याचे ते वय नव्हते. पन्नाशी उलटली होती, नदीकाठी काळेभोर रान होते, कणगी भरलेली होती, आणि एकुलती एक लेक हौसा पलीकडच्या गावी सुखाने नांदत होती. पण आषाढात चार दिवसांच्या तापाने त्याची बायको गेली, आणि त्यानंतर त्याचे पाऊल घरात ठरेना. चुलीकडे पाहिले की चूल दिसे, जात्याकडे पाहिले की जाते दिसे, आणि त्यांच्याजवळ बसणारी तेवढी दिसत नसे.

मार्गशीर्ष लागला. पेरण्या कधीच उरकल्या होत्या आणि काढणीला अवकाश होता. गावाचे ते रिकामे दिवस. कोणी दावी वळत बसे, कोणी नुसते ऊन खात बसे. या माणसाच्या रानात मसूर शेंगांवर आला होता आणि नदीपलीकडच्या कड्यांतले पारवे थव्याथव्याने त्यावर उतरू लागले होते. त्याला निमित्तच हवे होते. वडिलांची ठासणीची बंदूक त्याने माळ्यावरून काढली, पुसली, आणि गावाबाहेर राहणाऱ्या वृद्ध शिकाऱ्यापुढे जाऊन तो उभा राहिला.

"आबा, मला पारवे मारायला शिकवा."

म्हाताऱ्याचे डोळे अधू झाले होते, हात थरथरत होते. त्याने या माणसाच्या मिशांकडे पाहिले आणि तो हसला. "चेला थोडा शिळा आहे," तो म्हणाला, "पण चालेल."

गावाला हे कळायला वेळ लागला नाही. तेव्हापासून त्याला सगळे चेलाच म्हणू लागले.

म्हाताऱ्याने त्याला नेम धरायला शिकवले नाही. ते काम छऱ्यांवर सोडले. त्याने शिकवले ते वेगळेच. बांधाला ज्वारीच्या ताटांचा आडोसा कसा करावा. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे पारवे कसे कोरावेत, राख आणि काजळी लावून त्यांच्या अंगाला रंग कसा आणावा, मानेपाशी मोरचुदाचा हिरवट हात कसा फिरवावा. हे लाकडी पारवे पिकात मोकळ्या जागी वाऱ्याकडे तोंड करून मांडायचे आणि आपण ताटांमागे दडायचे.

"आणि एक ध्यानात धर," म्हातारा म्हणाला. "पाखरू घिरट्या घालत असलं की पापणीसुद्धा हलवायची नाही. त्याला ओढायला जाऊ नकोस. उतरायचं त्याचं मन होऊ दे."

चेला मन लावून शिकला. तांबडे फुटायच्या आधी तो आडोशात जाऊन बसे आणि दिवेलागणी झाल्यावर घरी येई. पारवे पडत होते, काही उडून जात होते, मसूर राखला जात होता. शेजारची बनामावशी जाता-येता त्याला टोचून बोले.

"काय रे, पारव्यांपासून रान राखतोस, घर कोण राखतं? मांजर?"

"घराला काय झालंय? कडी लावून जातो की."

"तेच म्हणते मी," बनामावशी म्हणे. "कडी लावून जातोस."

तो पुढे ऐकायला थांबत नसे.

पण त्याच्या मनात एक काटा होता, आणि तो रोज थोडा आत जात होता. हौसा नवऱ्याच्या गाडीतून बाजाराच्या दिवशी याच गावी येई. आई होती तेव्हा गाडी दारात आपोआप थांबे. बैलांनाही ते ठाऊक झाले होते. आता गाडी दारावरून जाते आणि थांबत नाही, असे त्याच्या कानावर येई. त्यातच बातमी आली, की काढणी झाली म्हणजे जावई सगळे बिऱ्हाड घेऊन दूरच्या मुलखात जमीन कसायला जाणार. तिथून वर्षाकाठी एकदा येणे झाले तरी पुष्कळ. चेल्याला एवढेच हवे होते, की त्याआधी लेकीने एकदा तरी घरात पाऊल टाकावे.

त्याने तिला इरकली लुगडे धाडले. बांगड्या धाडल्या. गुळाची ढेप धाडली. प्रत्येक वेळी गाडीवानाच्या तोंडी एकच निरोप परत आला: "आप्पांना सांगा, पोचलं. तब्येतीला जपा म्हणावं."

एका दुपारी पाखरे येईनात. आभाळ मोकळे होते, आडोशात गुरू आणि चेला दोघेच. चेल्याच्या तोंडून ते आपसूक निघाले.

"आबा, लेक येईनाशी झाली. काय कमी केलं मी? लुगडं धाडलं, गूळ धाडला. घर धान्यानं भरलेलं आहे, तिचंच आहे ते. पण दारावरून जाते आणि वळत नाही. आईबरोबर बापही मेला का तिचा?"

म्हाताऱ्याने सुपारीचे खांड या गालातून त्या गालात नेले. मग म्हणाला, "उद्या बंदूक घरी ठेवून ये. आणि हे लाकडी पारवे मसुरात नको, पलीकडच्या पडीक रानात मांडू."

"पडीकात? आबा, तिथं नुसती ढेकळं आहेत!"

"ढेकळांतच मांडू."

चेल्याला वाटले, वयाचा परिणाम. पण गुरू केला होता. त्याचा शब्द मोडवेना. दुसऱ्या दिवशी त्याने लाकडी पारवे बांधापलीकडच्या पडीकात नेऊन वाऱ्याकडे तोंड करून ठेवले आणि रिकाम्या हातांनी तो आडोशात येऊन बसला. बंदुकीवाचून हातांचे काय करावे, हे त्याला समजेना.

उन्हे वर आली तसा कड्याकडून थवा आला. खाली मसूर वाळत आलेल्या शेंगांनी लवला होता. राखणीला कोणी नव्हते, बार नव्हता, हाळी नव्हती. थव्याने त्यावरून एक फेरी घेतली. पण एकही पारवा मसुरात उतरला नाही. थवा बांध ओलांडून पलीकडे गेला, खाली वाकला, आणि पंखांचा फडफडाट करीत ढेकळांत, त्या लाकडांच्या मेळ्यात जाऊन उतरला.

"आबा!" चेला कुजबुजला. "दाणे इकडं आणि पाखरं तिकडं! ही तर जादूच झाली. दारू नको, छर्रे नको. आधी का नाही सांगितलंत?"

"गप," म्हातारा म्हणाला. "अजून बघ."

पारवे गवताचे बी टिपत इकडेतिकडे फिरू लागले. त्यांतला एक नर चालत चालत एका लाकडी पारव्यापाशी आला. त्याने मान फुगवली, शेपूट जमिनीला टेकवली आणि तो घुमू लागला. लाकडाभोवती त्याने एक गिरकी घेतली, वाकून मान खाली केली, पुन्हा घुमला. लाकूड गप्प होते. तो दुसऱ्या बाजूने गेला. त्याने रंगवलेल्या मानेला हलकेच चोच लावून पाहिली, जशी पिसे विंचरावीत तशी. वाऱ्याची झुळूक आली आणि लाकूड किंचित हलले. त्याबरोबर पारवा दोन पावले मागे सरला आणि मोठ्या आशेने, आधीपेक्षा भरल्या गळ्याने घुमला.

चेल्याचे हात आपोआप एकमेकांत गुंतले.

पारवा घुमायचा थांबला. तरी तो लगेच गेला नाही. त्या लाकडाशेजारी अंग चोरून तो बराच वेळ नुसता बसून राहिला. मग एकाएकी उडाला. मागोमाग सगळा थवा उठला आणि कड्याच्या दिशेने लहान होत होत दिसेनासा झाला. मसुराकडे कोणी वळून पाहिले नाही.

"गेला, आबा." चेल्याचा आवाज बदलला होता.

"गेला."

"उद्या येतील?"

"येतील एखादा दिवस. मग नाही यायचे. लाकूड पाखराला उतरवतं, थांबवत नाही." म्हातारा काठीवर हनुवटी टेकवून पडीकाकडे पाहत राहिला. "पाखरू दाण्यासाठी उतरतं असं आपण म्हणतो. भूक असतेच त्याला. पण वरून ते आधी दाणा बघत नाही, कोणी बसलंय का ते बघतं. भरलं रान ओकं दिसलं तर ते बिचकून पुढं जातं. आपल्याला हे ठाऊक असतं, म्हणून आपण ताटांमागं दडतो आणि बाहेर लाकडं मांडतो. पीक राखताना ते ठीक आहे. मी जन्मभर तेच केलं. पण तू घरीही तेच केलंस. लुगडं मांडलंस, गूळ मांडलास, आणि स्वतः इथं येऊन दडलास. दिवाळीनंतर तुझी लेक दोनदा तुझ्या ओट्यावर उतरली होती. बनानं पाहिलंय. कडीला हात लावून बसली थोडा वेळ आणि गेली."

चेला खाली पाहू लागला. मातीत त्याला काहीच दिसत नव्हते.

"कडी काढून आत जायची की," तो कसाबसा म्हणाला. "घर तिचंच आहे."

"ओक्या घरात कशाला जाईल? ते तुलाच जमत नाही."

"नाही जमत, आबा. तिथं ती दिसत नाही. नजर फिरेल तिथं ती दिसत नाही."

"हौसालाही दिसत नसेल," म्हातारा हळुवार म्हणाला. "तीही आईलाच शोधायला येत होती. दोघं एकाच माणसाला शोधताय, लेका, आणि वेगवेगळ्या ठिकाणी बसून."

ऊन कलले तेव्हा चेला उठला. पडीकात जाऊन त्याने लाकडी पारवे एक-एक करून उचलले, मानेवरची धूळ धोतराने पुसली आणि म्हाताऱ्याच्या झोळीत ठेवले. दिवस मावळायच्या आत तो घरी पोचला. कित्येक महिन्यांत त्याने आपले घर उजेडी पाहिले नव्हते.

बाजाराचा दिवस उजाडला. त्याने दार सताड उघडले, ओटा झाडला, आणि सुपात मसूर घेऊन तो निवडत बसला. हे काम बायकोचे. त्याची जाड बोटे खड्याऐवजी दाणाच उचलत होती.

बनामावशी कळशी घेऊन चालली होती. ती थबकली. "आज पारव्यांचं फावलं म्हणायचं," एवढेच ती बोलली. आणि कधी नव्हे ती, पुढे काही न बोलता गेली.

ऊन ओट्याच्या कडेला आले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी घुंगरमाळा वाजल्या. चेल्याचे गुडघे उठण्यासाठी ताठले. हाक ओठांवर आली. धावत जावे, बैलांची वेसण धरावी, म्हणावे, अगं, बघ, मी घरात आहे. तेवढ्यात त्याला शब्द आठवले: ओढायला जाऊ नकोस. मन होऊ दे. तो बसून राहिला. मान खाली घालून एक खडा शोधत राहिला. फरक इतकाच, की आज त्याच्यापुढे आडोसा नव्हता.

गाडी दारासमोरून गेली. घुंगरे पुढे गेली, कडुनिंबापर्यंत गेली. तो निवडत राहिला. सुपातले दाणे त्याला धूसर दिसू लागले.

मग घुंगरे थांबली.

फरसबंद गल्लीतून जोडव्यांचा आवाज परत येत होता. सावकाश, मध्येच थांबून, पुन्हा. तो ओट्याच्या पायरीशी येऊन थबकला. चेल्याने पापणीसुद्धा हलवली नाही.

"आप्पा," हौसा म्हणाली, "असं निवडतात होय? खडे ठेवलेत आणि मसूर टाकलात."

तिने इरकली लुगड्याचा पदर खोचला, ओट्यावर बसली आणि सूप आपल्या मांडीवर ओढून घेतले.

"तुझी आई—" तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "आईला न बघतासुद्धा खडा कळायचा."

दोघे बसून राहिले. काढणीनंतर तिची गाडी दूरच्या वाटेला लागणार, हे दोघांनाही ठाऊक होते. थोड्या वेळाने ती उठून आत गेली. चूल फुंकल्याचा आवाज आला, आणि मागोमाग धुराचा वास.

त्या दिवशी पारव्यांनी मसूर पोटभर खाल्ला असेल. बांधावर त्यांना हाकलायला कोणी नव्हते.

ज्याने आपल्याकडे यावे असे वाटते, त्याला आपण बसलेले दिसलो पाहिजे.